एकतीस मार्चच्या आत

श्रीकर म्हणाला, काका, ही विंडोज आता दमली.
कंपनीनं हिला केव्हाच वाऱ्यावर सोडलीय,
बँकेचं पान उघडत नाही, जीएसटी भरताना मान टाकते,
आणि एप्रिलात अक्कलकोट रोडला
बेचाळीसच्या उन्हात तिचा पंखा
भीम ओढणाऱ्या पोरासारखा धापा टाकतो.
लिनक्स घालू. फुकट आहे.
मी म्हटलं, घाल.

एका रविवारात घातलं त्यानं.
खरं सांगतो, तक्रारीला जागा नव्हती.
बिलं निघाली. प्रिंटर एका हाकेत उठला.
‘कृपया’मधला ऋकार जागेवर बसून
दुडम ट्रेडर्सना पहिल्यांदा धड पत्र गेलं.

पण टॉवेलवरचा मोर उघडेना.

म्हणजे चित्र दिसायचं. पिसारा, डोळा, तुरा, सगळं.
फक्त कुठल्या चौकोनाशी कुठला ताणा वर उचलायचा
हे त्याला ठाऊक नव्हतं.
भिंतीवरच्या फोटोतल्या माणसासारखा मोर,
बघतोय, पण हाक मारली तर ओ देत नाही.
मागाला चित्र नको असतं, हुकूम लागतो:
वर, खाली, खाली, वर,
पुठ्ठ्याला भोक, पुठ्ठ्याला भोक नाही.

तो हुकूम येतो एकाच सॉफ्टवेअरला.
इचलकरंजीच्या एका माणसानं विकलेलं,
त्याचा नंबर आता केक करणाऱ्या एका बाईंकडे आहे.
दोनदा लावला. दुसऱ्यांदा त्यांनी
अंड्याचा की बिनअंड्याचा, विचारलं.

श्रीकर म्हणाला, वाइन टाकून बघू.
आतून पद्मा ओरडली, या घरात नाही!
हसून झालं. वाइन टाकली.
मोरानं एकदा पापणी उघडली
आणि आडवा झाला.

मग त्यानं लिनक्सच्या पोटात
जुनी विंडोज बसवली, डब्यात डबा,
जशी आमच्या मराठीच्या पोटात तेलुगू.
दुकानात, बँकेत, भांडणात मराठी,
आणि धागे मोजायला बसलो की
ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू,
बोटं दुसरं काही ऐकतच नाहीत.

सॉफ्टवेअर उठलं. म्हणालं, मुदत संपली.
परवाना एकतीस मार्च दोन हजार बारापर्यंत.
श्रीकरनं भांडण केलं नाही.
आतल्या डब्याचं घड्याळ नुसतं मागे फिरवलं,
अकरा फेब्रुवारी.
मोर उभा राहिला.

तेव्हापासून बाहेरच्या पट्टीवर आजची तारीख
आणि आतल्या खिडकीत तो फेब्रुवारी.
येमुल मास्तर त्या वर्षी मे महिन्यात गेले.
म्हणजे आत ते अजून आहेत,
कन्ना चौकातल्या खोलीत ग्राफच्या कागदावर वाकलेले,
खोडरबराचा चुरा फुंकरीनं उडवत.
म्हणत असतील, तुरा जड झालाय रे,
दोन धागे काढ.

मी काही भाबडा नाही.
दोन धागे काढतो, इतकंच.

पण आतलं घड्याळही चालतं, हे परवा विसरलो.
ऑर्डरची घाई, चार आठवडे खिडकी मिटलीच नाही.
पाहिलं तर कोपऱ्यात एकोणतीस मार्च.
झटक्यात मागे ओढलं,
धोट्याच्या वाटेतून बोट ओढावं तसं.
नंतर उगाच तळहात पुसत बसलो.

श्रीकर म्हणतो, नवीन सॉफ्टवेअर मिळतं आता, महिन्याच्या भाड्यानं.
पाहू, म्हणतो मी.
पाहू म्हणजे नाही, हे त्यालाही कळतं.

काल सातशे टॉवेल हैदराबादला गेले.
बिलावर आजची तारीख,
मोरावर बारा फेब्रुवारी.
कुणीतरी आंघोळ करून येईल
आणि त्यानं तोंड पुसेल,
तुरा हलका झालाय का, न बघता.